चुनखडीचे थर, कॅन्यन आणि कार्स्ट गुहा: खानदेशात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते, त्याआधी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं होतं. दरवर्षी मुलांना घेऊन अजिंठ्याला जाते आणि व्ह्यू पॉइंटवर उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम हे ग्रँड कॅन्यनसारखंच आहे ना? घरी आले की आप्पांकडे बसायला आलेले शेतकरी वेगळंच विचारतात, पोरी आपल्या बोअरच्या पाण्यात हा पांढरा क्षार येतो कुठून. मला हे दोन्ही प्रश्न एकमेकांच्या फार जवळचे वाटतात, म्हणून आजवर विचारलेलं सगळं एका जागी लिहून काढतेय.

अजिंठ्याची दरी आणि ग्रँड कॅन्यन एकाच प्रकारचे आहेत का?

नदीने खडक कापला एवढं सारखं आहे, खडक मात्र पूर्ण वेगळा. अजिंठ्याला वाघूर नदीने जो घोड्याच्या नालेसारखा वळसा घातलाय तो बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात. हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक असा पसरत गेला, म्हणून डोंगराला पायऱ्या पायऱ्या दिसतात. सातपुडा, तोरणमाळची सीताखाई, पाटणादेवी, पितळखोरा, सगळीकडे हेच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीने कापलेल्या ग्रँड कॅन्यनच्या भिंतीत मात्र समुद्राच्या तळाशी साचलेली चुनखडी आहे, वाळूचा दगड आहे, चिखलाचा दगड आहे आणि सगळ्यात खाली फार जुने रूपांतरित खडक. ती दरी ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी १८०० मीटरपेक्षा खोल आहे.

आणि अजिंठ्याच्या लेण्या ह्या गुहा नाहीत, माणसांनी छिन्नी हातोड्याने कोरलेल्या आहेत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी "गुहा" म्हटलं की मनात सरमिसळ होते म्हणून सांगून टाकलं.

चुनखडी म्हणजे आमच्या शेतात निघते तीच का?

अर्धं हो, अर्धं नाही. दोन्हीत मुख्य पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. पण तापीच्या काठच्या गाळात जे पांढरे गाठीगाठीचे खडे निघतात, ज्याला आपण चुनखडे किंवा कंकर म्हणतो, ते जमिनीतच तयार झालेत. मातीतल्या पाण्यात चुना विरघळतो, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि चुना गाठी धरून बसतो. पूर्वी हेच खडे भट्टीत भाजून घाणीत मळून चुना करायचे आणि वाडे बांधायचे. जमिनीत हे जास्त झालं की केळीला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको.

खडक म्हणून जी चुनखडी असते तिचा जन्म बहुतेक वेळा समुद्रात होतो. शिंपले, पोवळी आणि असंख्य बारीक जीव कवचं बनवतात, मरतात, कवचं तळाशी साचतात, वरून दाब येतो आणि लाखो वर्षांनी त्याचा दगड होतो. आपल्या राज्यात समुद्रात साचलेला चुनखडीचा दगड बघायचा तर चंद्रपूर, यवतमाळकडे, तिकडचे सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच उभे आहेत. सातपुड्याच्या पलीकडे धार जिल्ह्यात बाघच्या परिसरात पण आहे, लाव्हा यायच्या आधी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र आत शिरला होता त्या काळची. खानदेशात वर दिसतो तो काळा पाषाण आणि नदीचा गाळ.

कार्स्ट हा शब्द कुठला?

स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर क्रास नावाचं पठार आहे, त्याचंच जर्मन रूप कार्स्ट. तिथे नद्या वाहता वाहता जमिनीत गडप होतात आणि पुढे कुठेतरी झऱ्यासारख्या बाहेर पडतात. योवान त्स्वीयिच या सर्बियन अभ्यासकाने १८९३ साली यावर मोठा प्रबंध लिहिला आणि तेव्हापासून जगात कुठेही खडक पाण्यात विरघळून तयार झालेला प्रदेश असेल तर त्याला कार्स्ट म्हणतात.

पाणी दगड कसं काय खाऊ शकतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि याचं उत्तर मी नेहमी आप्पांच्या ड्रीपवरून, म्हणजे ठिबक सिंचनावरून देते. पावसाचं पाणी हवेतून पडताना थोडा कार्बन डायऑक्साइड घेतं आणि जमिनीत मुरताना त्याहून खूप जास्त घेतं, कारण मुळं आणि मातीतले जीव श्वास सोडत असतात. त्याने पाणी जरासं आंबट होतं, सोड्याच्या बाटलीत असतं तसलंच कार्बॉनिक ॲसिड, फक्त खूप सौम्य. हे पाणी चुनखडीच्या फटीतून गेलं की चुना हळूहळू विरघळवून सोबत नेतं. फट रुंद झाली की जास्त पाणी येतं, जास्त पाणी आलं की फट अजून रुंद होते, आणि असं हजारो लाखो वर्षं चाललं की केसाएवढ्या चिरेची माणूस उभा चालेल एवढी गुहा होते.

आता उलटं बघा. आपल्या बोअरच्या पाण्यात चुना विरघळलेलाच असतो. ते पाणी बाहेर आलं, लॅटरलमध्ये म्हणजे ठिबकच्या नळीत उन्हाने तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ड्रीपरच्या तोंडाशी थोडं पाणी उडून जातं, मग चुना धरून ठेवायची पाण्याची ताकद संपते आणि तो तिथेच बसतो. ड्रीपर चोक. गुहेच्या छतातून जे लवणस्तंभ लोंबतात ते अगदी याच रीतीने तयार होतात, तिथे पाणी कोरडं व्हावं लागत नाही, वायू निघून गेला तरी पुरतं. आणि आपण ॲसिड ट्रीटमेंट देऊन लॅटरल साफ करतो तेव्हा गुहा तयार होण्याचंच काम काही तासात उरकत असतो. शाळेत मी चोक झालेला ड्रीपर घेऊन जाते, मुलांना आकृतीपेक्षा त्याने जास्त कळतं.

ग्रँड कॅन्यनच्या भिंतीत चुनखडी नेमकी कुठे आहे?

वरून खाली उतरत गेलो असं समजा. अगदी काठावर, जिथे पर्यटक फोटो काढतात, ती कैबाब चुनखडी, वय सुमारे २७ कोटी वर्षं. तिच्याखाली टोरोवीप, मग कोकोनिनो नावाचा पांढुरका वालुकाश्म जो वाळवंटातल्या टेकड्यांचा दगड झालाय, मग हर्मिट आणि सुपाईचे लाल थर. त्याखाली येते रेडवॉल चुनखडी, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीची, जाडी ठिकठिकाणी १५० ते २४० मीटर, आणि दरीतला सगळ्यात नजरेत भरणारा सरळसोट कडा तोच. तिच्यात समुद्रातल्या जीवांचे जीवाश्म आहेत आणि मध्ये मध्ये गारगोटीचे पट्टे. रेडवॉलखाली मुआव चुनखडी, तिच्या खाली ब्राइट एंजल शेल म्हणजे चिखलाचा दगड, त्याखाली टॅपीट्स वालुकाश्म, आणि तळाशी विष्णू शिस्ट नावाचा रूपांतरित खडक, साधारण १७० कोटी वर्षांचा. विष्णू हे नाव ऐकून सगळे चमकतात. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने तिथल्या एका सुळक्याला विष्णूचं मंदिर असं नाव दिलं होतं, त्यावरून खडकाला ते नाव पडलं.

मुआव आणि रेडवॉल यांच्यामध्ये जवळपास १५ ते १६ कोटी वर्षांचा हिशोब बहुतेक ठिकाणी गायबच आहे. मधल्या काळात तिथे काही साचलं ते झिजून गेलं, दरीच्या पूर्व भागात फक्त काही जुन्या घळीत टेंपल ब्यूट नावाचा थर भरून राहिलाय. थर एकावर एक दिसतात म्हणून काळ सलग असतो असं समजायचं नाही.

रेडवॉल लाल का?

ती आतून राखाडी आहे. वरच्या सुपाई आणि हर्मिट थरातलं लोखंडाचं तांबडं पाणी ओघळून कड्यावर रंग चढलाय. फोडून बघितलं की खरा रंग कळतो.

चुनखडी विरघळते म्हणता, मग तिचा एवढा उभा कडा टिकला कसा?

पावसामुळे, किंवा खरं म्हणजे पाऊस कमी असल्यामुळे. ॲरिझोना कोरडा प्रदेश आहे. कड्याच्या तोंडावर पाणीच कमी, तिथे चुनखडी हा कडक दगड ठरतो आणि शेजारचा चिखलाचा दगड आधी झिजून उताराचा होतो. म्हणून दरीची भिंत कडा, उतार, कडा, उतार अशी दिसते. हीच चुनखडी मेघालयात नेऊन ठेवली तर ती पोखरून जाईल, कारण तिथे सोहरा (म्हणजे चेरापुंजी) आणि मावसिनराम भागात वर्षाला ११ हजार मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. दगड तोच, पण हवामान बदललं की त्याचा स्वभाव बदलतो, आणि हे फक्त नावं पाठ करून कळत नाही.

गुहा नदीने कोरल्या ना?

बहुतेक लोकांचा हाच समज असतो, माझाही होता. नदीच्या पुराने कड्याच्या पायथ्याशी खोबण पडते ती वेगळी, ग्रँड कॅन्यनमध्ये रेडवॉल कॅव्हर्न नावाची मोठी खोबण आहे ती तशीच, कोलोरॅडो नदीने आपटून आपटून केलेली. पण खऱ्या कार्स्ट गुहा दगडाच्या पोटात, भूजलाच्या पातळीच्या आसपास किंवा त्याखाली तयार होतात. म्हणजे तेव्हा त्या पाण्याने भरलेल्या असतात. नंतर नदी खोल कापत जाते, तिच्यासोबत आजूबाजूच्या भूजलाची पातळी खाली उतरते (शेजारच्याने खोल विहीर खणली की आपली आटते तसं) आणि वरच्या गुहा कोरड्या पडतात. मग कडा मागे सरकतो आणि एखाद्या दिवशी गुहेचं तोंड दरीत उघडं पडतं. आपल्याला खालून दिसतं ते तोंड म्हणजे जुन्या गुहेचा कापला गेलेला तुकडा.

रेडवॉलमध्ये तर त्याच्याही आधीची एक फेरी झालेली आहे. ती चुनखडी साचल्यावर समुद्र मागे हटला, उघड्या दगडात तेव्हाच गुहा आणि खड्डे पडले, नंतर ते सरप्राइज कॅन्यन नावाच्या थराने भरून गेले. दरीचा पत्ताही नव्हता तेव्हाच्या गुहा, दगड होऊन भिंतीत बसलेल्या आहेत. मला हे वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती.

गुहेवरून दरीचं वय काढता येतं का?

काढलंय. गुहेत पाण्याच्या पातळीच्या जरा खाली भिंतीवर चुन्याचा गोलसर फुगवट्यांचा लेप चढतो. असा लेप आज कोरड्या गुहेत दिसला तर समजायचं की एके काळी पाणी इथवर होतं, आणि लेपातल्या युरेनियम आणि शिशाचं प्रमाण मोजून तो कधीचा ते कळतं. २००८ साली पोल्याक, हिल आणि अस्मेरोम या संशोधकांनी असं मोजून दरीचा पश्चिमेकडचा भाग १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी कापला जायला लागला असं मांडलं. बाकीचे बरेच जण म्हणतात आजची सलग कोलोरॅडो नदी ५० ते ६० लाख वर्षांचीच आहे. हा वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर दरीचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या वेळी कापले आणि नंतर जोडले गेले हे जास्त पटतं, पण शेवटी पुरावा गुहेतूनच येणार, नदी तर स्वतःच्या खुणा वाहून नेते.

वर पडलेलं पाणी जातं कुठे?

उत्तर काठावरच्या कैबाब पठारावर बर्फ आणि पाऊस पडतो, नद्या मात्र वर जवळपास दिसत नाहीत, पाणी खड्ड्यांतून आणि चिरांतून आत जातं. थरामागून थर उतरत ते मुआवपर्यंत येतं आणि खाली ब्राइट एंजल शेल लागला की अडतं, कारण चिखलाच्या दगडातून पाणी झिरपत नाही. मग आडवं वाहत कड्यातून धबधब्यासारखं बाहेर पडतं. रोअरिंग स्प्रिंग्ज हा असाच झरा, काठापासून जवळपास ९०० मीटर खाली, आणि दोन्ही काठांवरच्या पर्यटकांना पिण्याचं पाणी त्याच झऱ्यावरून मिळत आलंय, पाइपलाइन दरी ओलांडून नेलेली आहे. हवासू ओढ्यातलं निळंहिरवं पाणी पण चुनखडीतूनच येतं आणि वाटेत चुना सोडत सोडत स्वतःचेच बांध घालतं.

कार्स्टमध्ये एक मोठा धोका असतो, पाणी गाळून येत नाही. वाळूतून मुरलेलं पाणी सावकाश गाळलं जातं, इथे ते नळातून गेल्यासारखं थेट पोचतं, त्यामुळे वर टाकलेला कचरा किंवा सांडपाणी काही दिवसात झऱ्यात उतरू शकतं.

आपल्याकडे याच्याशी तुलना करायची तर सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा, रावेर, यावल, चोपडा. तिथे पण डोंगरातून आलेला नाला पायथ्याला येऊन जिरून जातो. फरक हा की तिथे दगड विरघळलेला नाही, डोंगरातून आलेले गोटे, वाळू, माती यांचा जाड थर आहे आणि त्यातल्या मोकळ्या जागेत पाणी शिरतं. केळीचा पट्टा या जिरलेल्या पाण्यावर उभा आहे. आपण उपसतो किती आणि जिरतं किती याचा हिशोब कुणी गावात मांडला तर मी तिथे फुकट येऊन बोलायला तयार आहे.

मग खानदेशात जमीन अचानक खचून खड्डा पडू शकतो का, व्हिडिओत दाखवतात तसा?

चुनखडीत गुहेचं छत कोसळून पडतो तसा विवराचा खड्डा आपल्या काळ्या पाषाणात पडत नाही. तापीकाठी जमीन तुटते, घळी पडतात, ती पावसाने मऊ गाळ कापल्यामुळे. जुनी बुजवलेली विहीर खचते ती गोष्ट वेगळी.

उनपदेवचं गरम पाणी कार्स्टचं आहे का?

नाही. अडावदजवळच्या उनपदेवला जमिनीतल्या खोल भेगांतून खाली जाऊन तापलेलं पाणी वर येतं. चुनखडीचा संबंध नाही.

लवणस्तंभ किती वर्षांत वाढतो?

खूप फरक पडतो, पण ढोबळ सरासरी धरायची तर वर्षाला मिलीमीटरचा दहावा भाग. म्हणजे शिवराज्याभिषेक झाला त्या दिवशी एक थेंब लोंबायला लागला असता तर आज साडेतीन सेंटीमीटर झाला असता. वरून लोंबतो तो अधोमुखी, खालून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी, पुस्तकात आहे तेच. ऊर्ध्वमुखी स्तंभ कापला की झाडासारखे थर दिसतात आणि त्यातून कोणत्या काळात पाऊस कमी होता कोणत्या काळात जास्त ते वाचता येतं. मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या अशाच एका स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पावसाळे कमजोर झाल्याची खूण सापडली, आणि २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासाच्या सध्याच्या कालखंडाला मेघालयन हे नाव अधिकृतपणे दिलं गेलं. आपण आत्ता जगतोय तो काळ, आणि त्याचं नाव आपल्या देशातल्या मेघालयावरून. वर्गात हे सांगताना दरवेळी माझा आवाज चढतो.

ग्रँड कॅन्यनमध्ये डायनासोर सापडतात का?

दरीच्या थरांमध्ये नाही. सगळ्यात वरचा थरच डायनासोरच्या आधीचा आहे. तो आपल्या काळ्या पाषाणाच्या चौपट वयाचा आहे, म्हणजे बघा. गुहांमध्ये मात्र माणसांच्या खुणा मिळाल्यात, एकाच डहाळीला चिरून, दुमडून बनवलेली हरणं आणि मेंढ्यांसारखी छोटी जनावरं, तीन ते चार हजार वर्षांपूर्वीची. गुहा कोरड्या म्हणून ती टिकली.

इथून जाऊन खरं कार्स्ट कुठे बघता येईल?

मी स्वतः बघितलेलं आणि सगळ्यात मनात राहिलेलं म्हणजे आंध्रातल्या बेलम गुहा. ३२२९ मीटर लांब, काळपट चुनखडीत, त्यातली साधारण दीड किलोमीटर वाट लोकांसाठी खुली. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ साली त्यांची नोंद केली होती, पुढे १९८० च्या दशकात जर्मन पथकाने नीट मोजणी केली. आत प्रचंड दमट आणि गरम होतं, पाण्याची बाटली विसरू नका. त्याच भागात पेन्नार नदीची गंडीकोटाची दरी आहे, ती मात्र वालुकाश्मासारख्या कडक क्वार्टझाइटमध्ये. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही बघा, दरी वेगळ्या दगडात आणि गुहा वेगळ्या दगडात हे डोळ्यांनीच कळतं.

विशाखापट्टणमहून अराकूच्या रेल्वेने बोरा गुहा करता येतात. बस्तरमध्ये कांगेर खोऱ्यात कुटुमसर आहे, तिथे अंधारात राहून दृष्टी गेलेले मासे आहेत, पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून बंद असते. आणि भुसावळहून जबलपूरची गाडी पकडून भेडाघाट, तिथे नर्मदेने संगमरवरी खडक कापलाय, म्हणजे चुनखडीच्या जातीचाच दगड दाब आणि उष्णतेने बदललेला. गुहा नाहीत पण एवढ्या जवळ असली पांढरी दरी दुसरी नाही.

गुहेत जाताना काय सांभाळायचं?

लवणस्तंभाला हात लावू नका, हाताचं तेल लागलं की पाण्याला चुना बसवता येत नाही आणि तिथली वाढ थांबते. एकट्याने जायचं नाही, दोन टॉर्च घ्यायचे, वर पाऊस असेल तर आत शिरायचंच नाही, कार्स्टमध्ये पाणी किती पटकन भरतं ते वर सांगितलंच. वटवाघळं असतील तर आवाज आणि फ्लॅश टाळा.

हातातला दगड चुनखडीचा आहे का ते घरी कसं ओळखायचं?

लिंबू किंवा व्हिनेगर टाका. बारीक कुटून टाकलं तर बुडबुडे लवकर दिसतात. ड्रीपचं ॲसिड मुलांच्या हातात देऊ नका, आणि मोठ्यांनीही पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. काळ्या पाषाणावर काही होत नाही, पण त्यातल्या एखाद्या पांढऱ्या ठिपक्यावर फस्स झालं तर तो कॅल्साइट.

अजिंठ्याला विकायला बसतात ते चमकदार स्फटिक गुहेतले आहेत का?

नाहीत, लेणीतलेही नाहीत आणि लवणस्तंभही नाहीत. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांमध्ये नंतर पाण्याने हळूहळू झिओलाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ आणून बसवलं. विहीर खणताना, दगडाच्या खाणीत असे पोकळ गोटे फुटतात, सावद्याकडच्या खाणीतले नमुने तर जगभरच्या संग्रहांत आहेत. मुलांना एक छोटा घेऊन द्यायला हरकत नाही. मी घेतलेला गुलाबी स्टिल्बाइटचा तुकडा वर्गात खिडकीपाशी ठेवलाय, शेजारी आप्पांचा चोक झालेला ड्रीपर, आणि मुलं दोन्ही हातात घेऊन बघतात.